द्राक्षांखेरीज आणखी काय?

८ डिसेंबर २०२३ पासून युरोपीय संघात तयार होणाऱ्या वाइनला आपल्यात काय काय आहे ते ग्राहकाला सांगावे लागते. बिस्किटाचा पुडा, लोणच्याची बरणी, फळांच्या रसाचा डबा यांच्यावर हे बंधन कित्येक दशकांपासून आहे. वाइनवर नव्हते. १९७८ च्या अखेरीस निघालेल्या युरोपीय लेबल-निर्देशाने १.२ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांना घटकांच्या यादीतून सूट दिली. त्यांच्यासाठी वेगळे नियम पुढे होतील असे तेव्हा ठरले होते. वाइनसाठी ते व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेत तर अजूनही झालेले नाहीत.

इतकी वर्षे ही सूट निभावली, कारण वाइनची एक सुंदर प्रतिमा सगळ्यांच्या मनात आहे: द्राक्षे, माती, ऊन, पिढ्यांचा हात आणि वेळ. ती प्रतिमा खोटी नाही, काही उत्तम वाइन खरोखर एवढ्यावरच होतात. पण दुकानाच्या फळीवर मांडलेल्या बहुसंख्य बाटल्यांत द्राक्षांखेरीज आणखी काही असते, आणि ते काय, हे जाणण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्याला आहे. हे घटक बहुतांशी निरुपद्रवी असतात हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ते वापरू नयेत असे मला म्हणायचे नाही. वापरले असतील तर सांगावेत, एवढीच मागणी आहे.

वायनरीतले काम पाहिले की त्यांची गरजही समजते. द्राक्षे खुडून आली की चिरडतानाच त्यांवर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकतात. त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड नको ते जंतू थोपवतो आणि रस काळवंडू देत नाही. नाशिकसारख्या उष्ण भागात साखर भरेपर्यंत द्राक्षांतली आम्लता उतरलेली असते, म्हणून टार्टरिक ॲसिड घालावे लागते. थंड प्रदेशात अडचण उलटी, तिथे साखरच पुरेशी भरत नाही. रसात वरून साखर घालून आंबवण्याची रीत झाँ-आंत्वान शापताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये ग्रंथातून मांडली. तो त्या वेळी नेपोलियनच्या राजवटीत गृहमंत्री होता, त्यामुळे तिचा प्रसारही झाला. आज तिला त्याच्याच नावाने ओळखतात. याशिवाय पाकिटातले यीस्ट येते आणि त्याचे खाद्य म्हणून डायअमोनियम फॉस्फेट. सालींतून रंग आणि रस जास्त निघावा म्हणून एन्झाइम असतात, तुरटपणासाठी टॅनिनची पूड असते. महागड्या ओकच्या पिंपाऐवजी टाकीत ओकच्या चिपा टाकतात, त्याला युरोपने २००६ मध्ये परवानगी दिली. तोंडात भरीवपणा यावा म्हणून बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक असतो. थंडीत बाटलीच्या तळाशी खडे बसू नयेत म्हणून कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज घालतात. गोड वाइन बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट. युरोपच्या आणि अमेरिकेच्या अधिकृत याद्या पन्नासच्या पुढे जातात. एका वाइनमध्ये त्यातले चार-पाचच असतील. पण कोणते चार-पाच?

काही घटकांचा हेतू टिकाऊपणाच्या पलीकडचा असतो. कॅलिफोर्नियात रुबीरेड नावाचे एक द्राक्ष पिकते. त्याची नुसती सालच नव्हे, गरही लाल असतो. त्याचा रस आटवून केलेला घट्ट, जांभळा-काळा अर्क मेगा पर्पल या नावाने वायनऱ्यांना विकला जातो. फिकट, पाणचट रेड वाइनमध्ये तो थोडासा मिसळला की रंग गडद होतो आणि जराशी गोडीही येते. द्राक्षापासूनच झालेला असल्याने तिथल्या कायद्याला त्याचे वावडे नाही. यात विषारी असे काही नाही. तरीही गडद रंग पाहून ही वाइन कसदार असेल असा अंदाज बांधणाऱ्या ग्राहकाला हा रंग कुठून आला ते कळायला हवे. त्याने किंमत त्या रंगाची मोजलेली असते.

दुसरे उदाहरण डायमिथाइल डायकार्बोनेटचे. बाटलीबंद करण्याच्या क्षणी प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत हे रसायन वाइनमध्ये सोडतात. ते उरलेसुरले यीस्ट मारते आणि थोड्याच वेळात त्याचे अत्यल्प मिथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन होते. पिणाऱ्याला त्याचा धोका नाही. मात्र शुद्ध रूपात ते इतके घातक असते की हाताळणाऱ्याला मुखवटा, हातमोजे आणि खास यंत्र लागते. अमेरिकेतली वायनरी हे वापरून बाटलीवर एक अक्षरही लिहीत नाही, आणि तसे करताना ती कोणताही नियम मोडत नाही.

मग लिहिले काय जाते? जगभर जवळपास एकच गोष्ट: सल्फाइट आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात सॅलडवर मारलेल्या सल्फाइटमुळे दम्याच्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्याची प्रकरणे पुढे आली. १९८६ मध्ये कच्च्या फळभाज्यांवर त्याचा वापर बंद झाला आणि १९८७ पासून दहा लाखांत दहा भागांहून अधिक सल्फाइट असलेल्या वाइनवर तशी सूचना छापणे सक्तीचे झाले. युरोपात हे २००५ मध्ये आले. दम्याच्या रुग्णांसाठी ही सूचना मोलाची आहे. पण यादीतले एकच नाव छापले आणि बाकी सगळी झाकून ठेवली, त्याचा परिणाम विचित्र झाला. वाइन पिऊन डोके दुखले की लोक लेबल पाहतात. तिथे सल्फाइटखेरीज काहीच नसते, म्हणून दोष त्याला लागतो. रेड वाइनने डोके दुखते ही तर सार्वत्रिक तक्रार आहे. प्रत्यक्षात युरोपीय नियमानुसार कोरड्या रेड वाइनमध्ये प्रतिलिटर १५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड चालतो आणि व्हाइटमध्ये २००, म्हणजे रेडमध्ये मुभा कमीच. वाळवलेल्या जर्दाळूत हीच मर्यादा किलोला २,००० मिलिग्रॅम आहे. तासगाव-पंढरपूरकडच्या बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात हे सांगली-सोलापूरच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. शिऱ्यात तो बेदाणा मुठीने घालताना कुणाचे डोके दुखत नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातील संशोधकांनी वेगळीच शक्यता मांडली. द्राक्षाच्या सालीतले क्वेर्सेटिन शरीरात गेल्यावर ज्या रूपात बदलते, ते रूप अल्कोहोलपासून बनणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचा निचरा करणाऱ्या एन्झाइमला अडवत असावे. हे प्रयोगशाळेतले निष्कर्ष आहेत, माणसांवरच्या चाचण्यांतून ते ठरायचे आहेत. माझ्या मुद्द्यासाठी एवढे पुरे की अर्धवट माहितीने ग्राहक सावध झाला नाही, तो भलत्याच गोष्टीला घाबरू लागला. किण्वनात यीस्ट स्वतःच थोडा सल्फर डायऑक्साइड तयार करते, त्यामुळे अजिबात सल्फाइट नसलेली वाइन जवळपास असतच नाही, हेही त्या एका ओळीतून कळत नाही.

आता लपण्याच्या मुख्य जागेकडे येऊ. कायदा दोन प्रकार मानतो. जे वाइनमध्ये राहते ते मिश्रक. जे घालून, काम झाल्यावर गाळून काढले जाते ते प्रक्रियेचे साहित्य. पहिले यादीत येते, दुसरे येत नाही. वाइन निवळण्यासाठी वापरायचे जवळजवळ सगळे पदार्थ या दुसऱ्या प्रकारात मोडतात. बोर्दोत पिंपातली रेड वाइन अंड्याच्या पांढऱ्याने निवळण्याची जुनी परंपरा आहे. व्हाइट वाइनसाठी दुधातले केसीन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. जनावरांच्या हाडा-कातड्याचे जिलेटीनही चालते. यांना पर्याय आहेत, बेंटोनाइट नावाची माती आणि वाटाण्यातली प्रथिने ही त्यातली सोपी उदाहरणे. पण वायनरीने कोणता मार्ग घेतला ते बाटली सांगत नाही. युरोपात अंडे आणि दूध हे ॲलर्जीकारक असल्यामुळे २०१२ च्या हंगामापासून त्यांचे अंश सापडल्यास लिहावे लागतात. माशाच्या आयसिंग्लासला तिथे ॲलर्जीच्या नियमातून सूट आहे. जिलेटीन तर ॲलर्जीच्या यादीतच नाही. म्हणजे २०२३ चा नवा कायदा आल्यानंतरही घटकांची पूर्ण यादी वाचून शाकाहारी माणसाला हे कळणार नाही की त्याची वाइन प्राण्याच्या अवशेषातून गेली आहे की मातीतून. ऑस्ट्रेलियाने निदान अंडे आणि दूध यांच्या बाबतीत निर्मितीत वापरले असा स्पष्ट उल्लेख लेबलवर आणला, आणि त्यामुळे तिथला वाइन-व्यवसाय बुडाला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जास्तच टोकदार आहे. घरात अंडे न आणणारी, पण सणावाराला किंवा मित्रमंडळीत वाइनचा पेला घेणारी कितीतरी माणसे पुण्या-मुंबईत आहेत. बिस्किटावरचा हिरवा ठिपका शोधल्याशिवाय ती पुडा घेत नाहीत. त्या ठिपक्याच्या नियमातून मद्याला मात्र वगळलेले आहे. ज्याने आयुष्यभर एक नेम पाळला त्याला तो नकळत मोडायला लावणे मला अन्यायाचे वाटते, मग त्यातून शरीराला रतीभर अपाय होत नसला तरी.

वाइनमधल्या भेसळीचा इतिहास वाइनइतकाच जुना आहे, आणि प्रत्येक प्रकरणानंतर राज्यकर्त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १६९० च्या दशकात जर्मनीतल्या उल्म शहरातल्या एबरहार्ड गॉकेल या वैद्याच्या लक्षात आले की मठातल्या वाइन पिणाऱ्या भिक्षूंना पोटशूळ उठतो, न पिणाऱ्यांना नाही. आंबट वाइन गोड करण्यासाठी व्यापारी तिच्यात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचे संयुग, मिसळत होते. १६९६ मध्ये व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने त्यावर कडक बंदी घातली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शिसे मागे पडले, पण नवे संकट आले. फायलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले तेव्हा बाजारातली तूट साखर, पाणी, बेदाणे आणि चोथा यांच्या वाइनने भरून काढली गेली. मळे पुन्हा उभे राहिले तरी बनावट वाइन थांबेना आणि भाव कोसळले. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधले शेतकरी रस्त्यावर उतरले. आर्झलिए गावचा मार्सेलाँ अल्बेर त्यांचा पुढारी झाला. ९ जूनला मोंपेलिएत लाखो लोक जमले. नार्बोन्नमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली, आणि सतराव्या रेजिमेंटचे शिपाई, जे त्याच भागातले होते, बंड करून लोकांना मिळाले. २९ जूनला सरकारने वाइनमधल्या पाणी-साखरेविरुद्ध कायदा केला आणि प्रत्येक शेतकऱ्याने पिकाचा आकडा जाहीर करण्याची सक्ती आली.

या बंडात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तेव्हा खऱ्या वाइनची मागणी करणारे पिणारे नव्हते, पिकवणारे होते. बाटलीत काय आहे ते कळत नसले की बाजार स्वस्तातल्या नकलेकडे झुकतो आणि प्रामाणिक मालाला भाव मिळत नाही, हे त्यांना पोटाच्या अनुभवातून कळले होते. वाइनच्या पारदर्शकतेला ग्राहक चळवळीचे खूळ म्हणणाऱ्यांनी मोंपेलिएचा तो दिवस आठवावा.

पुढे १९८५ मध्ये ऑस्ट्रियात काही उत्पादकांनी साध्या वाइनला उशिरा खुडलेल्या द्राक्षांच्या महागड्या गोड वाइनसारखी चव आणि भरीवपणा देण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघड झाले. कोट्यवधी लिटर वाइन नष्ट करावी लागली आणि देशाची निर्यात जवळजवळ थांबली. पुढच्याच वर्षी इटलीत स्वस्त वाइनचे अल्कोहोल वाढवण्यासाठी मिथेनॉल घातले गेले, वीसहून अधिक माणसे दगावली, कित्येक आंधळी झाली. दोन्ही देशांनी कायदे कडक केले आणि ते बऱ्याच अंशी यशस्वी झाले. आजची ऑस्ट्रियन वाइन युरोपातल्या उत्तम वाइनमध्ये गणली जाते. पण हे सगळे कायदे निरीक्षकासाठी होते. काय घालावे, किती घालावे, कोणी तपासावे याची तजवीज झाली. पिणाऱ्याला सांगावे असे कोणालाच सुचले नाही.

अमेरिकेत ते सुचले, पण तडीस गेले नाही. दारूबंदी उठल्यावर १९३५ च्या कायद्याने मद्याचा कारभार अर्थखात्याकडे गेला. अन्नाची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे राहिली. मद्याकडे कर देणारी वस्तू म्हणून पाहण्याची सवय तिथून पडली. १९८० मध्ये अर्थखात्याने घटकांची यादी सक्तीची करणारा नियम काढला. रेगन यांचे सरकार येताच १९८१ मध्ये तो मागे घेतला गेला. सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट ही ग्राहक संस्था न्यायालयात गेली, एकदा जिंकली, शेवटी १९८६ मध्ये हरली. २००३ मध्ये तिने इतर संघटनांसह पुन्हा अर्ज केला. २०२२ मध्ये पुन्हा दावा लावला, तेव्हा कुठे सरकार हलले. १७ जानेवारी २०२५ रोजी अल्कोहोल, कॅलरी आणि ॲलर्जीकारक पदार्थ लेबलवर आणण्याचे दोन प्रस्ताव निघाले. घटकांची यादी त्यांतही नाही. मधल्या काळात लेबलवरच्या एकमेव आकड्याविषयीही शंका निर्माण झाली. ज्युलियन ऑल्स्टन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारी मद्य मंडळाच्या चाचण्या अभ्यासून २०१५ मध्ये दाखवले की जगभरच्या वाइनमधले अल्कोहोल लेबलवर सरासरीने प्रत्यक्षाहून कमी लिहिलेले असते. अमेरिकी नियम १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला दीड टक्का इकडे-तिकडे सवलत देतो. साडेबारा लिहून चौदाच्या जवळ जाणे त्यामुळे शक्य होते.

युरोपचा २०२१ सालचा आणि २०२३ पासून लागू झालेला कायदा, क्रमांक २११७, या सगळ्यांच्या पुढे गेला हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. साखर घालून आंबवली असेल तर साखर लिहावी लागते. आम्ल, डिंक, सल्फाइट, सॉर्बेट सगळे लिहावे लागते. ऊर्जा आणि पोषणमूल्येही सांगावी लागतात. कोरड्या वाइनच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५-८० किलोकॅलरी असतात हे बाटलीवर पाहून अनेकांना पहिल्यांदाच कळले असेल. पण वाइन-उद्योगाशी झालेल्या तडजोडीतून एक पळवाट राहिली. ऊर्जा आणि ॲलर्जीकारक पदार्थ बाटलीवर, बाकी यादी क्यूआर कोडमागे चालेल. तो कोड उघडल्यावर जाहिरात दिसता कामा नये आणि ग्राहकाची माहिती गोळा करता कामा नये, ही अट चांगली आहे. अंमलबजावणीत मात्र गोंधळ झाला. कायदा लागू व्हायला दोन आठवडे उरले असताना, २४ नोव्हेंबर २०२३ रोजी युरोपीय आयोगाने स्पष्ट केले की कोडशेजारी नुसते आय हे अक्षर पुरणार नाही, घटक हा शब्द पूर्ण लिहावा लागेल. तोवर लाखो लेबले छापून पडली होती. इटलीत ती संपेपर्यंत वापरायला मुदत द्यावी लागली. मार्च २०२५ मध्ये आयोगाने वाइनसाठी नवे उपाय सुचवले, त्यात शब्दांऐवजी सर्व देशांत एकच खूण असावी असाही विचार होता.

क्यूआर कोडने काम भागते असे मला वाटत नाही. दुकानात फळीसमोर उभे राहून सहा बाटल्यांतली एक निवडणारा माणूस सहा वेळा फोन काढत नाही. वयस्कर माणसे तर नाहीच. शिवाय कोडमागचे पान बाटलीच्या आयुष्यभर जागेवर असेल याची हमी कोण देणार? चांगली वाइन वीस वर्षे तळघरात राहते. वीस वर्षांपूर्वीचे किती वेबपत्ते आज उघडतात? कागदावर छापलेली यादी मात्र बाटलीबरोबरच जुनी होते. जागेची अडचण सांगितली जाते, पण मागच्या लेबलवर डोंगरावरचा वारा, पिकलेल्या जांभळांचा गंध आणि आजोबांची आठवण यांना जागा असते. चार ओळींची यादी तिथे सहज मावेल.

ती मावते हे काहींनी करून दाखवले आहे. कॅलिफोर्नियातल्या बॉनी डून वायनरीचे रँडल ग्रॅम यांनी २००७ च्या वाइनपासून घटक छापायला सुरुवात केली, कोणी सांगितले नसताना. वाइनमध्ये उरलेले एक आणि निर्मितीत वापरलेले दुसरे, अशा दोन वेगळ्या नोंदी ते करत. कॉपर सल्फेटचा उल्लेखही त्यांनी टाळला नाही. सांताक्रूझ डोंगरावरच्या रिज वायनरीने २०११ च्या हंगामापासून तेच केले. कडक उन्हाच्या वर्षी सुकत चाललेल्या द्राक्षांच्या रसात पाणी घातले तर तेही रिज लिहिते. पाणी घातले असे लेबलवर लिहायला केवढे धैर्य लागते याची कल्पना दूध विकणाऱ्या कोणालाही येईल. या दोन्ही वायनऱ्यांचे ग्राहक पळाले नाहीत. फ्रान्समध्ये नैसर्गिक वाइनवाल्यांनी २०२० मध्ये आपली सनद सरकारमान्य करून घेतली: सेंद्रिय द्राक्षे, हाताने खुडणी, मळ्यातलेच यीस्ट, कोणतेही मिश्रक नाही, आणि सल्फाइट घातलेच तर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत व वेगळ्या चिन्हासह. तोवर नैसर्गिक हा शब्द कोणीही कशावरही छापू शकत होता. त्या गटाच्या सगळ्या वाइन मला आवडतात असे नाही, काहींना कुजक्या सफरचंदाचा वास येतो. पण आपली व्याख्या स्वतः लिहून त्यावर तपासणी मागून घेणारा दुसरा गट या व्यवसायात विरळा.

भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम २०१८ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यांची एक बाजू युरोपच्या तेव्हाच्या नियमांपेक्षा सरस होती. वाइनच्या लेबलवर मूळ ठिकाण, कोरडी ते गोड यांपैकी साखरेची पायरी, द्राक्षांचे वाण, आणि अंतिम उत्पादनात उरलेली परिरक्षके व मिश्रके लिहावी लागतात. म्हणून आपल्या बाटल्यांवर परिरक्षक २२० किंवा २२४ असे आकडे दिसतात. दुसरी बाजू दुबळी आहे. पोषणविषयक माहितीला लेबलवर मनाई, कॅलरीचा आकडा फक्त ऐच्छिक. मद्याने पोषण होते असा भास होऊ नये, हा मनाईमागचा हेतू समजतो. पण मधुमेहाच्या रुग्णांची आपल्याकडची संख्या पाहता साखर ग्रॅममध्ये कळायला हवी, पायरीच्या नावाने नव्हे. गोव्यात पोर्ट या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त गोड वाइनच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या पोर्टशी तिचे नाते नावापुरते. तिच्यातली गोडी द्राक्षाची किती आणि वरून घातलेली किती, हे पर्यटकालाही कळत नाही आणि नाताळात ती घरी आणणाऱ्या गोवेकरालाही नाही.

नाशिकच्या बागायतदाराला मात्र पारदर्शकता काय असते ते कुणी शिकवायला नको. त्याच्या खाण्याच्या द्राक्षांची निर्यात अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी-प्रणालीवरून होते. प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधीचा अवशेष-अहवाल यांवाचून पेटी रॉटरडॅमला उतरत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट, बागायतदारांच्या बोलीत सीसीसी, या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्यातून तपासणी आणखी काटेकोर झाली, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिचा कणा आहे. म्हणजे दिंडोरीचा एक घड जर्मनीतल्या दुकानात पोचेपर्यंत त्याचा सगळा इतिहास कागदावर असतो. शेजारच्या मळ्यातली द्राक्षे वायनरीत शिरली की हा इतिहास फाटकापाशीच संपतो. एकाच तालुक्यात, एकाच पिकाला लावलेली ही दोन मापे मला पटत नाहीत.

खर्चाचा आक्षेप नेहमी पुढे येतो: लहान वायनरीला हे झेपणार नाही, वर्षागणिक घटक बदलतात, प्रत्येक वेळी लेबल कसे बदलायचे? वर्ष आणि अल्कोहोलचा आकडा दर हंगामात बदलतोच, त्याबरोबर यादीही बदलेल. नवी माहिती जमवायचीही गरज नाही. कोणत्या टाकीत कोणत्या दिवशी किती मेटाबायसल्फाइट, किती टार्टरिक, निवळायला काय, हे प्रत्येक जबाबदार वाइनमेकर वहीत लिहितोच. युरोपात तर अशा नोंदी ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. त्या वहीतून चार ओळी लेबलवर उतरवायच्या आहेत. लोक रसायनांची नावे वाचून घाबरतील हा दुसरा आक्षेप. सुरुवातीला घाबरतीलही. पण टार्टरिक ॲसिड हे द्राक्षातलेच आम्ल आहे, डिंक आपण बाळंतिणीला लाडवातून देतो, आणि मेटाबायसल्फाइटची ओळख फळांचे सरबत टिकवणाऱ्या घराघरांत आहे. ही नावे वाइनच्या बाटलीवरही दिसू लागली तर दोन-चार हंगामांत ती सवयीची होतील. भारतात यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. २०१८ च्या नियमात मिश्रकांपुढे अंतिम उत्पादनात उरलेली अशी अट आहे, तिच्याजागी निर्मितीत वापरलेली अशी अट घातली तर अंड्याचा पांढरा, केसीन, जिलेटीन आणि माशाची पिशवी एकाच दुरुस्तीत लेबलवर येतील.